भिंतीपलीकडून हाक

इंग्लंडमधल्या रेडिंग स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये माझ्या मागे एक वयस्कर मराठी जोडपं बसलं होतं, नुकतंच जपानहून परतलेलं.

"पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच हॉटेलात जाऊ."

"मुळीच नाही. बायपास झालेला माणूस त्या कढत झऱ्यात, आणि मी भिंतीपलीकडे, बायकांच्या बाजूला!"

"सारखी 'अहो, अहो' करत होतीस की."

"आणि एकदम तुमची ओ बंद. गरम पाण्यात माझे हातपाय गार पडले."

"डोंगरावरचा बर्फ बघत होतो गं, तंद्री लागली."

"म्हणून 'रघुवीर' म्हणून ओरडले."

"लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच नाव घेतलंस."

"दोनदा ओरडले! पहिल्यांदा ऐकू नाही आलं?"

"आलं ना."

"मग?"

"वाटलं, अजून एकदा म्हणशील."