चार पाऊण तीन

(धरमतरच्या खाडीचा बांध. दुपारचे सव्वातीन.)

नितेश : ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. शिफ्ट बदलून रोह्याहून आलोय. आज पाच वाजता भरतीची वेळ सांगणाऱ्या आपल्या ‘भरती’ ॲपची नवी आवृत्ती सोडतो म्हणून दोनशे मिठागरवाल्यांना कळवून बसलोय!

हेमांगी : आधी कळवायचं नि मग विचारायचं, ही कुठली पद्धत रे? दोघांनी तपासल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?

नितेश : फुकटच्या कामाला कसले नियम! सहा महिने तुमचं तपासणंच चाललंय. पंचांगाची जड फाइल मी काढून टाकली. आता ॲप अवसेपासूनचे दिवस मोजतं. साध्या फोनवरही कसं पळतंय बघा.

हेमांगी : म्हणूनच तुला जगनकाकांच्या मिठागरावर आणलं. काका, आज पाण्याची भर किती वाजता?

जगन : साडेतीनला.

नितेश : ॲप सव्वाचार दाखवतंय. तुम्ही कुठं बघितलंत?

जगन : बघायचा काय त्यात? तिथीची पाऊणपट करायची. आज चवथ. चार पाऊण तीन. वर अर्धा तास, पाण्याला खाडी चढून यायला लागतंय नाय का?

नितेश : चवथ नाय हो, पंचमी! अवसेपासून पाचवा दिवस.

जगन : अरे बाला, तीज दोन दिस व्हती.

हेमांगी : कॅलेंडरातही दोनदा छापलीय. तू काढलेल्या फाइलीत होती ती, नितेश.

नितेश : थांबा... आधी पाणी बघू.

जगन : बघ की. बांधातल्या उघाडीच्या, पाण्याच्या दाराच्या, फळीवर चुन्याचा पट्टा हाय ना? तिथवर येल.

नितेश : (पंधरा मिनिटांनी) आलं... आलं! ताई, पाणी हलेना. तीन एकतीस! आईशप्पत!

जगन : भर झाली. आता उतरंल.

नितेश : काटा आला हो अंगावर. काका, तुमच्या हातात ना घड्याळ, ना फोन!

जगन : तासभर आधी फळी पाडून पाणी अडवाय लागतंय. मी सावली बघून अडीचला पाडली. तुज्या फोनचा ऐकून सव्वातीनला पाडली असती, तर पाणी आत शिरून पिकलेला मीठ गेला असता. सगला मोसम पाण्यात.

हेमांगी : आणि पाच वाजता हेच दोनशे जणांच्या हातात पडलं असतं.

नितेश : नको ना ताई. कळवतो सगळ्यांना, चूक माझी, आज सोडत नाही. काका, पुढच्या वेळी तुम्हीपण तपासाल?

जगन : मला फोनातला काय कलतंय?

नितेश : मला तरी पाण्यातलं कुठं कळतंय! तो पाऊणकीचा पाढा परत म्हणा. लिहून घेतो.

जगन : लिवू नको. माज्यामागं म्हण. एक पाऊण पाऊण.

नितेश : एक पाऊण पाऊण.