दत्तराव कुणाकडं बघून हसले

(पालम. एसटी स्टँडसमोरचा सुकेशनीचा फोटो स्टुडिओ, दुपार. नर्मदाबाईंनी खुर्ची थेट कॉम्प्युटरला भिडवलेली. स्क्रीनवर त्यांच्या नवऱ्याचा, दत्तरावांचा, एका बाईसोबतचा जुना फोटो.)

नर्मदाबाई : पदर राह्यला बघ तिचा. हितं, ह्यांच्या गुडघ्यापाशी. तेबी पूस.

सुकेशनी : पुसते, मावशी. स्क्रीनला बोट नका लावू. बोटानं नाही जाणार ती.

नर्मदाबाई : तीस वर्सं झाली, कशानंच जाईना झालीय. म्हनून तर तुझ्याकडं आले.

सुकेशनी : पण आहेत कोण ह्या?

नर्मदाबाई : बायनाबाई. ह्यांची पहिली. मी घरात यायच्या आदीच मेली, पन सवत ती सवतच. आता नवं घर बांधलं, तर ह्योच फोटो मोठा करून बैठकीत लावायचा म्हनतेत. चा मी करायचा, अन् भिंतीवर बसून बघायचं हिनं!

सुकेशनी : गेलेल्या माणसाचा काय एवढा राग, मावशी?

नर्मदाबाई : गेलेली? हे बघ गळ्यात. तिच्या नावाचा चांदीचा टाक. दुसरेपनावर दिलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात घालून हिंडायचं. नवं लुगडं आलं, आदी टाकाला दावायचं, मग मी नेसायचं. पोळीचा पहिला घास तिला. मला आजवर एक चीज कोरी मिळाली न्हाई. नवराबी न्हाई!

सुकेशनी : झालं. गेल्या बघा. पण मावशी, कोकरू हवेत राहिलं.

नर्मदाबाई : कोकरू राहू दे. कोकरू आमचं हाय.

सुकेशनी : त्यांच्या मांडीवर होतं ना ते! आता अधांतरी बसलंय.

नर्मदाबाई : मग ह्यांच्या मांडीवर ठिव.

सुकेशनी : ठेवलं. बघा आता, मामा एकटेच. छान दिसायलेत.

नर्मदाबाई : ...हे कुनाकडं हसायलेत गं?

सुकेशनी : कुणाकडं म्हणजे... त्या होत्या तिकडं. आता तिथं नुसता मागचा पडदा आहे.

नर्मदाबाई : पडद्याकडं बघून मानूस असं हसतंय? मान वाकडी करून, दात दावून? ती दिसायची तवा माझं सगळं ध्यान तिच्या नथीवर. ह्यांचं तोंड मी आज बघायलेय, बाई. असं हसनं आमच्या घरात मी एकदाबी बघितलं न्हाई.

सुकेशनी : थांबा, मघाशी काढलेला तुमचा फोटो तिथं बसवते. ...हे घ्या.

नर्मदाबाई : अगं माय! ह्यांची आत्या दिसायलेय मी!

सुकेशनी : तरणेपणीचा एखादा असेल ना?

नर्मदाबाई : कोन काढनार? मी म्हनलं की हे म्हनायचे, फोटो कशाला, तू हायस की समोर.

दत्तराव : (आत येत) सुरजची माय, मेंढरांचं औषध घेतलं बरं का. झाला का फोटो मोठा? ...आँ? बायना कुठं गेली?

नर्मदाबाई : माहेरी. हिकडं या. खरं सांगा, हे कुनाकडं बघून हसायलाव?

दत्तराव : कुनाकडं म्हंजी? कोकराकडं.

सुकेशनी : मामा, नजर कोकराच्या चांगली हातभर वर आहे.

दत्तराव : पोरी, ते कोकरू साधं नव्हतं. चारठाण्याच्या जत्रंत नेलं, तर एका उडीत फोटोवाल्याच्या डोस्क्यावर! त्याची टोपी खाल्ली, सबंध. वरून ढेकर दिला.

नर्मदाबाई : मागल्या संक्रांतीला पावन्यांना सांगत व्हते, जत्रंतल्या पाळण्यात तलाठ्याचं धोतर सुटलं म्हनून हसलो.

दत्तराव : तेबी खरंच हाय. धोतर कोकरानंच सोडलं.

नर्मदाबाई : बास करा! तीस वर्सांत एकदा तरी माझ्याकडं बघून असं हसलाव का?

दत्तराव : तू हसू देतीस का? जरा कुठं हसलो की इचारतीस, कुनाची आठवन आली. मग मानूस तोंड मिटून भाकर खातंय. नाहक बखेडा कशाला?

नर्मदाबाई : सुकेशनी, तिला आन माघारी.

सुकेशनी : मावशी? एवढं तासभर खपून पुसलं मी!

नर्मदाबाई : मग काय, पडद्याकडं बघून हसनारा नवरा टांगू बैठकीत? आलागेला इचारल, तिकडं कोन हाय. ती दिसली म्हंजी कुनी इचारायचं तरी न्हाई.

दत्तराव : आन तिला. अन् त्याच्या शेजारी आपल्या दोघांचा लावू एक. बस हितं स्टुलावर.

नर्मदाबाई : ह्या असल्या लुगड्यावर?

दत्तराव : लुगड्याकडं कोन बघतंय? बस.

सुकेशनी : जवळ सरका, मामा. अजून. आता जरा हसा.

दत्तराव : हसू का, सुरजची माय?

नर्मदाबाई : मला काय इचारता? ती म्हनायलीय तर हसा.

सुकेशनी : हां, असंच राहा. मावशी, इकडं बघा, कॅमेऱ्याकडं. मावशी! समोर!

नर्मदाबाई : थांब गं जरा. हे कुनाकडं बघायलेत ते बघू दे आदी.