आबांचा दांडा

एरियल म्हटलं की मला भांडगावचे आबाच आठवतात, बघा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी केंदूरचा, पण नोकरी पुण्यात, वायरलेसच्या कारखान्यात. कालव्याच्या कामावरच्या ट्रकांना सेट बसवायचे होते. एरियल कुठं लावली की आवाज लांब जातो, हे आमचे साहेब हातभर लांबीच्या पत्र्याच्या नमुना-ट्रकवर शोधायचे. टाचणीएवढी एरियल इकडून तिकडं हलवायची आन् मीटर बघायचा. जागा निघाली केबिनच्या टपावर, मधोमध.

मग खरा ट्रक घेऊन आम्ही दौंडहून निघालो. साहेब दुसरा सेट घेऊन दौंडातच बसले. भांडगावपर्यंत आवाज खणखणीत. तिथं ड्रायव्हरनं यवतच्या बाजाराला निघालेल्या एका म्हाताऱ्या आबांना मागं हौद्यात घेतलं, आन् साहेबांचा आवाजच गेला! आता ऑर्डर हातची जाणार. उतरून बघतो तर आबा टपावरची एरियल मुठीत धरून उभे!

"आबा, ती सोडा की!"

"आन् पडलो म्हंजी? मग धरू कशाला?"

पुण्याला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी शांतपणे ओली माती मागवली, मातीचे आबा केले, त्या पत्र्याच्या ट्रकच्या हौद्यात उभे केले आन् त्यांना धरायला वेगळा दांडा लावला. मग एरियलची जागा पुन्हा शोधली.

पुढच्या खेपेला आबा परत भेटले. हौद्यात चढले, नवा दांडा गदागदा हलवून पाहिला.

"आता बरं केलंत. पयला लई हलत हुता."