पोस्ट सोडू नको

मोरा जेट्टीवर लाँचच्या रांगेत सुचिता उभी होती. पुढची किटबॅगवाली मुलगी शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याला फुटबॉल समजावत होती, आणि सुचिताला ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"त्यांच्याच गोलजवळ आमी तिघी तुटून पडतो, कमलाकरकाका, बॉल हिसकवायला. तरी चार मॅच हरलो. आज हरलो तर बाहेर."

"तुमी तिघी धावता तवा बाकीच्या?"

"मागंच थांबतात."

"समरा, जालं वढताना अर्धे वढतात नि अर्धे उभे रातात काय?"

"मासा निसटंल ना."

"मंग?"

"त्या पुढं आल्या की मागं रिकामं. ते आमच्या गोलकीपरनं, नमितानं सांभाळायचं. एकदा ती पुढं आली आणि बॉल डोक्यावरनं गेला. मीच ओरडले तिला, पोस्ट सोडू नको म्हणून."

"तवापासून हलत नाय ती?"

"नाय."

"नि तिच्या भरवशावर बाकीच्या बी हलत नाय."

मुलीनं फोन काढला.

लाँच धक्क्याला लागली, तरी पुढचं ऐकायला सुचिता जागची हलली नाही.

"नमिता, ऐक. चूक माझी होती. आज पोस्ट सोडून पुढं ये... गेला डोक्यावरनं तर गेला. तू एकटी नाय पळायचीस, आमी दहाच्या दहा जणी मागं पळू."