यायची गरजच नाही

तो : आणि हा पट्टा गळ्यात अडकवायचा? आपण काय बैल आहोत, बाजारात आणलेले?

ती : पाहुण्यांचं कार्ड आहे ते. गप घाल.

तो : 'पाहुणा क्रमांक दोन' लिहिलंय यावर. म्हणजे क्रमांक एक तू.

ती : मी आधी आत आले. तू बाहेर वॉचमनशी वाद घालत होतास.

तो : वाद नाही, साधा प्रश्न. म्हटलं, ड्युटीवर झोपतोस का? तर म्हणाला 'नाही'. डोळे चोळत म्हणाला!

ती : म्हणजे जागेत पाय ठेवायच्या आधीच खोड काढून झाली तुझी.

तो : अगं, आपले सर्व्हर ठेवायचेत इथे. दुसऱ्याच्या इमारतीत, भाड्याच्या कपाटात. पारखून घ्यायला नको? पहिल्या जागी नसतं बघितलं तर?

ती : पहिलीचं मान्य आहे मला.

तो : जागा कसली, तळघर होतं ते. वरच्या संडासाचा पाइप बरोबर कपाटांच्या डोक्यावरून नेलेला. आणि तो शहाणा सांगतो, "आजवर कधी गळला नाही." अरे बाबा, आजवर मीही मेलेलो नाही!

ती : हळू बोल. रिसेप्शनवरची मुलगी ऐकतेय.

तो : ऐकू दे. आणि दुसरी जागा? निळे दिवे, काचेच्या भिंती, बसायला गुबगुबीत पिशव्या. त्या टायवाल्याला विचारलं, वीज गेली की तुमची बॅटरी किती वेळ टिकते? तर गाढवाने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "अजून ऐंशी टक्के आहे, सर."

ती : तेव्हा मीही हसले. पण आता हसून झालं. ही तिसरी जागा आणि शेवटची. कंपनी दोघांची, करारावर सही दोघांची लागते, म्हणून तुला बरोबर आणलंय. यंत्रं माझ्या घरातून हलली पाहिजेत.

तो : आपल्या घरातून.

ती : माझ्या. घर माझं आणि धंदा निम्मा-निम्मा, असं कोर्टात ठरलंय. तू तिथेच होतास, कोर्टाच्या पंख्याला नावं ठेवत.

तो : कुरकुरत होता तो पंखा.

मॅनेजर : नमस्कार. मी इथला मॅनेजर. साहेब, मॅडम, या असे आत. तुम्ही मिस्टर-मिसेस ना?

तो : हो.

ती : नाही. पार्टनर. फक्त धंद्यातले.

मॅनेजर : बरं. दोन्ही उत्तरं ऐकली, कुठलंच लिहून घेत नाही. सर्व्हर किती?

ती : सहा. छोटं काम आहे आमचं. दातांचे डॉक्टर, फुलांची दुकानं, ड्रायव्हिंग शिकवणारे, अशा लोकांच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो. सध्या सर्व्हर घरी आहेत, माझ्या झोपायच्या खोलीशेजारी.

मॅनेजर : घरी? म्हणजे घरात गिरणीच टाकलीत की. झोप लागते?

ती : नाही.

तो : लागायची. पूर्वी लागायची. उलट आवाज थांबला की हिला जाग यायची.

ती : सर्व्हर बंद पडलाय हे कळून जाग यायची. त्यात कौतुकासारखं काही नाही.

मॅनेजर : पायपुसण्यावर पाय घासा. धूळ आत येऊ द्यायची नाही. हां. हा हॉल. ही रिकामी कपाटं, यातलं अर्धं कपाट तुम्हाला पुरेल. यंत्रं तुमची, जागा आमची. वीज, थंडावा, इंटरनेटच्या दोन लाइनी, पहारा, सगळं भाड्यात आलं.

तो : थंडी जरा जास्तच आहे.

मॅनेजर : सर्व्हरसाठी आहे साहेब. पाहुण्यांसाठी नाही.

तो : आणि हा रंग! सरकारी दवाखान्यासारखा पिवळा.

ती : रंग सर्व्हरला दिसत नाही.

तो : पाइप कुठून गेलेत?

मॅनेजर : पाण्याचा एकही पाइप या छताच्या वर नाही. संडास मागच्या इमारतीत. मला स्वतःला पावसात छत्री घेऊन जावं लागतं.

तो : बरं. वीज गेली की काय करता? मोबाइल काढून दाखवू नका.

मॅनेजर : बॅटऱ्या आहेत. त्या दमायच्या आत जनरेटर चालू होतो.

तो : असं सगळेच म्हणतात. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. पाडून दाखवा मेन स्विच. आत्ता. आमच्यासमोर.

ती : अरे, इथे इतरांची यंत्रं चालू आहेत!

तो : तेच म्हणतोय मी. नाही ना दाखवणार? मग चला. झालं बघून.

मॅनेजर : थांबा साहेब. या महिन्याची चाचणी आजच घ्यायचीय. तुम्ही गेल्यावर घेणार होतो, आता तुमच्यासमोर घेतो. मॅडम, त्या रेलिंगला धरा.

(त्याने खटका खाली ओढला. दिवे गेले. कपाटांवरचे हिरवे ठिपके मात्र जसेच्या तसे लुकलुकत राहिले, आणि जरा वेळाने बाहेर कुठेतरी जनरेटर खाकरून सुरू झाला. तेवढा वेळ पाहुणा क्रमांक दोन आ वासून उभा होता. अंधार होता म्हणून अब्रू वाचली.)

मॅनेजर : आले दिवे. एकही यंत्र अडखळलं नाही. बघा मोजून.

तो : दिवे तर गेले ना पण!

ती : देवा रे.

तो : नाही, मी आपलं जे दिसलं ते बोललो.

ती : नाकाने कांदे सोलणं बंद कर आता. पहिल्या दोन जागा वाईट होत्या म्हणून वाईट. ही चांगली आहे, तर चांगली आहे म्हणून वाईट!

मॅनेजर : असू दे मॅडम. खरी सोय तर मी अजून सांगितलीच नाही. समजा, सर्व्हर अडला, बंद करून चालू करायचाय. तर तुम्ही फक्त फोन करायचा. आमचा माणूस कपाट उघडतो, बटण दाबतो, तुम्हाला कळवतो. तुम्हाला यायची गरजच नाही.

तो : म्हणजे? आमच्या यंत्राला परका माणूस हात लावणार?

मॅनेजर : हात धुऊन लावतो साहेब. डिस्क बदलायची, केबल खोचायची, सगळं आम्हीच. आमचं एक गिऱ्हाईक आहे, यंत्रं ठेवून गेलं ते परत फिरकलंच नाही. मी त्यांचा चेहरासुद्धा विसरलो. इतकं निश्चिंत!

तो : आणि यात तुम्हाला अभिमान वाटतो?

मॅनेजर : वाटणारच. लोक याचेच तर पैसे देतात. यायची गरजच नाही!

ती : मला पसंत आहे. करार तयार करा.

मॅनेजर : आणतो. तुम्ही इथे मीटिंगच्या खोलीत बसा. चहा पाठवू?

तो : नको. इथला चहाही थंडच असेल.

ती : गेले ते. आता बोल. काय अडलंय?

तो : माणूस आगाऊ आहे.

ती : माणूस चोख आहे. तुझ्या प्रत्येक टोमण्याला त्याने उत्तर दिलं, ते झोंबलंय तुला. खरं काय ते सांग. तुला सर्व्हर हलवायचेच नाहीत.

तो : असं काही नाही. दुरून डोंगर साजरे असतात, एवढंच माझं म्हणणं. आपल्या हाताखाली यंत्रं असली की कसं, काही बिघडलं तर मी लगेच येऊन बघतो.

ती : येतोस खरा. तीन नंबरचा सर्व्हर बसला की येतोस. आणि तो कधी बसतो? रविवारी.

तो : योगायोग.

ती : दर रविवारी? यंत्राला सुट्टीचा वार कधीपासून कळायला लागला?

तो : जुना झालाय तो सर्व्हर.

ती : मागच्या आठवड्यात मी तुला सांगितलं, रविवारी मी घरी नाही, बहिणीकडे जातेय. आठवतं? त्या रविवारी तीन नंबर कसा ठणठणीत होता! एक शिंकही नाही आली त्याला.

तो : इथेही थंडी जरा जास्तच आहे.

ती : थंडीचं सोड, यावर बोल. कोर्टातल्या पंख्यावरसुद्धा मत होतं की तुझं.

तो : दहा मिनिटांच्या वर कधी बंद ठेवला नाही मी.

ती : काय म्हणालास?

तो : माझ्या खोलीवरून, इंटरनेटने बंद करायचो आणि निघायचो. रस्ता दहा मिनिटांचा आहे. आलो की लगेच चालू. गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून अक्षरशः पळत यायचो.

ती : पळत यायचास! वा! उपकार झाले! त्या फुलवाल्या बाईची वेबसाइट होती त्यावर. रविवारी तिच्या सगळ्यात जास्त ऑर्डर येतात. गेली ती आपल्याला सोडून. फोनवर मी तिची माफी मागत होते तेव्हा तू शेजारी उभा होतास, मान हलवत. "जुना झालाय" म्हणत.

तो : मला वाईट वाटलं होतं.

ती : तुला वाटलेलं वाईट तुझ्यापाशी ठेव. आपण दोघांनी ते सर्व्हर खांद्यावरून जिना चढवून आणले होते रे. लिफ्ट बंद होती. मधल्या मजल्यावर बसून तू म्हणालास, आपण कधी कोणाची वेबसाइट बंद पडू द्यायची नाही. आणि तूच पाडलीस. कशासाठी?

तो : तुला माहीत आहे कशासाठी.

ती : माहीत आहे. म्हणूनच लाज वाटते. तुझी वाटते, आणि इतके रविवार मी ओळखलं नाही म्हणून माझीही वाटते. बेल नाही, फोन नाही. किल्ली लावायची आणि आत. मी कधी केस पुसत असायची, कधी डोळ्यांतलं पाणी पुसत. आणि तू सरळ त्या खोलीत, सर्व्हरसमोर मांडी घालून. वर म्हणायचास, "तू तुझं चालू दे."

तो : चहा द्यायचीस तू.

ती : मेकॅनिक आला तरी मी चहा देते.

तो : मेकॅनिकशी तू तासभर बोलत नाहीस.

ती : नाही. पण मेकॅनिक मोटार बिघडवून येत नाही.

तो : मग मी काय म्हणून येणार होतो? सांग ना. कोर्टाचे कागद झाले. घर तुझं. धंद्याचं बोलणं फोनवर होतं. त्या सहा डब्यांशिवाय मला दारात उभं राहायला काय कारण आहे? आणि तो माणूस छाती फुगवून सांगतोय, यायची गरजच नाही, गरजच नाही! चेहरासुद्धा विसरलो म्हणतो.

ती : म्हणून त्याच्या रंगाला, थंडीला, वॉचमनला शिव्या.

तो : वॉचमन खरंच डोळे चोळत होता.

ती : मला त्या खोलीची खिडकी उघडायचीय. कळतंय का तुला? धूळ जाईल म्हणून इतकी वर्षं ती बंद आहे. आता मी तिथे काहीसुद्धा ठेवणार नाही. नुसती खिडकी उघडी टाकून बसणार आहे.

मॅनेजर : येऊ का? हा करार. मॅडम इथे, साहेब इथे. घाई नाही, वाचून घ्या.

ती : माझी झाली. हं. पेन धर.

तो : इथे ना?

मॅनेजर : तिथेच. खाली जरा दाबून करा, दुसरी प्रत उमटायला हवी. छान. आत यायचं कायमचं कार्ड कोणाच्या नावावर करू?

ती : दोघांच्या.

मॅनेजर : करतो. पण साहेब, आधीच सांगतो, ते खिशात नुसतं झिजेल. मागच्या वर्षी एकाचं तर...

तो : गरजच नाही. समजलं मला. तुमच्यासारखा सेल्समन बघितला नाही मी.

मॅनेजर : धन्यवाद साहेब. शिक्का मारून आणतो.

तो : तो टोमणा होता!

ती : कळलंय त्याला. जाऊ दे. यंत्रं शनिवारी हलवू. जिना उतरायचाय, दोन माणसं बोलाव, एकट्याने हिरोगिरी नको. आणि घराची किल्ली दे.

तो : रविवारी आणून देतो.

ती : तुझ्या खिशात आहे. मघाशी नाणी काढताना बघितली मी. आत्ता दे.

तो : घे.

ती : किल्लीचं कडं राहू दे तुझ्याकडे. फक्त किल्ली.

तो : मग आता यायचं झालं, तर मी यायचं कसं?

ती : माणसं येतात तसं. बेल वाजवून.

तो : आणि विचारलंस, काय काम आहे, तर?

ती : तर खरं सांगायचं. काही बिघडवल्याशिवाय जमतंय का बघ.

तो : आणि दार नाही उघडलंस तर?

ती : तर दुसऱ्यांदा वाजवायची नाही.