मोझेस म्हणजे महेश

हल्ली कुणी विचारलं ना, "पीएचडी कशात करतेस?", की मी नुसतं "हिस्टरी" म्हणते आणि भजी घ्यायला उठते. दमले यार, समजावून समजावून.

पण परवा इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, मैत्रिणीकडे म्हणजे मीनलकडे पाडव्याच्या जेवणाला तिच्या सासऱ्यांनी गाठलंच. "हिस्टरी म्हणजे नेमकं काय गं?"

म्हटलं, "काका, तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात काही पंडित होते. ग्रीकांचं तत्त्वज्ञान मुळात मोझेसच्या हिब्रू ग्रंथांतून उचललंय, असं ते सिद्ध करत बसायचे. दोन नावं जरा सारखी वाटली, की झाला पुरावा!"

काका खो खो हसले. "काय येडपट लोक! नावं जुळवून कधी इतिहास होतो का?"

मला इतकं बरं वाटलं, की मी चक्क खुर्ची ओढून बसले.

तर काका पुढे सरकून हळूच म्हणाले, "अगं, मोझेस म्हणजे आपला महेश. सगळं आपल्याकडूनच गेलंय."

तेवढ्यात काकू श्रीखंडाचं भांडं घेऊन आल्या. "काय गं, कधी संपणार तुझा थीसिस?"

"कसा संपेल, काकू? माझे पंडित अजून जिवंत आहेत. वाढा त्यांना श्रीखंड."