सात आजारांचा धनी

आजोबा : सांगून विश्वास बसणार नाही, सिस्टर, पण या एकट्या देहात सात आजार मुक्कामाला आहेत. तरी तिन्ही मजले मी शीळ घालत चढतो! डॉक्टर माझी फाइल दोन हातांनी उचलतात.

नर्स : म्हणूनच तर मला घरी पाठवलंय, आजोबा. परवाच्या तपासणीत तुमचं हिमोग्लोबिन सहा आलंय. उद्या सकाळी दाखल व्हायचं. इथे सही करा.

आजोबा : सहा? अहो, चाळीस वर्षं बस चालवलीय मी. एकदा उतारावर ब्रेक गेले, तर पाय बाहेर काढून रस्त्यात रोवला आणि गाडी थांबवली. बूट अजून तिथेच आहे.

आजी : बूट राहू दे तिथे. सही करा.

नर्स : थांबा, डोळा बघू जरा. आजोबा, सहावर आलेल्या माणसाची पापणी आतून कागदासारखी पांढरी असते. तुमची तर डाळिंबासारखी आहे.

आजोबा : आमच्या घराण्याचं रक्तच तसं. थोडं असलं तरी रंग सोडत नाही.

नर्स : आजी, तुम्ही या बरं इकडे, उजेडात.

आजी : माझं काय काढलंत? मी धडधाकट आहे.

नर्स : या तर खरं. हं... परवा रक्त कुणाचं काढलं?

आजोबा : माझंच की! सुई वाकली, तेव्हा दुसरी—

आजी : पुरे. माझं काढलं, दर वेळेसारखं. हे दाढी करत बसले होते, मी हात पुढे केला.

नर्स : अहो, पण कागदावर ‘पुरुष’ लिहिलंय!

आजी : रक्त न्यायला आलेली ती पोरगी शीर शोधत होती, कागद कुठे वाचत होती? आडनाव एकच, वयातही फार फरक नाही.

नर्स : आणि हे गुडघे, चक्कर, साखर, थायरॉइड?

आजोबा : सगळे हिचे. ही घरी सांगते, मी दवाखान्यात जाऊन लंगडतो. फार सुरेख लंगडतो मी.

नर्स : आणि गोळ्या?

आजी : त्या मी घेते.

नर्स : आजी! यांना बघून दिलेल्या गोळ्या! जिवावर बेतलं असतं. स्वतः का नाही आलात?

आजी : आले होते ना. पाच वर्षांपूर्वी, चक्कर येते म्हणून. डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘वय झालं, बायकांना व्हायचंच असं, मन रमवा.’ पुढच्या महिन्यात तीच चक्कर यांनी सांगितली, शब्दाला शब्द. त्याच दिवशी रक्त, लघवी, छातीचा फोटो! बायकोच्या अंगात असते तोवर कुरकुर, नवऱ्याच्या तोंडून निघाली की आजार. म्हटलं, मग हेच जाऊ देत.

नर्स : मला हे सगळं वर कळवावं लागेल.

आजी : खुशाल कळवा! आणि हा फॉर्म फाडा. नवा काढा, माझ्या नावाचा. सातही आजार घाला त्यात, एकही सोडू नका. आणि ‘वयोमानामुळे’ असं कुणी लिहिलं ना, तर खाटेवरून उठून चालत घरी येईन.

आजोबा : मग माझ्याकडे काय उरलं?

आजी : सर्दी. ती ठेवा तुम्हाला.

नर्स : (नवा कागद काढत) विचारते त्याचं खरं उत्तर द्या, आजी. चालताना दम लागतो?

आजी : लागतो.

नर्स : छातीत दुखतं?

आजी : छे! तेवढं एक नाही. ‘नाही’ लिहा.

आजोबा : खोटं आहे ते.

आजी : अहो!

आजोबा : साफ खोटं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी थांबते, छातीवर हात ठेवून. विचारलं की म्हणते, दोरीवरचे कपडे वाळले का बघतेय. सिस्टर, त्या खिडकीबाहेर दोरीच नाहीये.